हिशेबाची नक्कल आणि तिची वाट
संगणकावर धंदा ठेवणाऱ्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी

कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत उधारीच्या व्यवहारावर आहे. सूरह बकराची ती २८२ वी आयत. मुदतीची उधारी लिहून ठेवावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, दोन साक्षीदार करावेत, रक्कम छोटी आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण तिच्यात दिली आहे. व्यापाऱ्याची खातेवही त्यामुळे त्याच्या एकट्याची राहत नाही. कोणाचे किती द्यायचे, कोणाकडून किती यायचे, कारागिराची मजुरी किती बाकी, हे सारे तिच्यात असते. जकातीचा हिशेबही तिच्यावरूनच होतो. वही म्हणजे इतरांचे हक्क आपल्याजवळ ठेवलेली अमानत होय.

ही वही आता संगणकात गेली आहे. टॅलीत हिशेब, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बिले आणि मालाचा साठा, तिसऱ्यात कामगारांची हजेरी. ‘बॅकअप घेता का?’ असे विचारले तर बहुतेक बंधू ‘हो, रोज होतो’ असे सांगतात. पण तो कोठे होतो, कोणत्या तारेने जातो, किती वेळ घेतो आणि परत उघडून कधी पाहिला, असे विचारले की उत्तर संगणकवाल्यावर ढकलले जाते. नक्कल आहे एवढे पुरत नाही. ती कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर आणखी कोण येऊ शकते, यावर तिचे सारे मोल अवलंबून आहे. या लेखाचा विषय तीच वाट हा आहे.

न्हावा शेवाच्या बंदरात काय घडले?

नाशिकचा कांदा आणि द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात २७ जून २०१७ रोजी गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम अचानक ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहातील कंपनी चालवत होती. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने मर्स्कचे जगभरातील संगणक निकामी केले. त्याची सुरुवात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती, हे आपण व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले.

कोणत्या माणसाला कोणत्या संगणकात शिरण्याची परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे होते. एक बंद पडला तर दुसरा आहे, अशी ती व्यवस्था होती. पण दीडशेही सर्व्हर एकमेकांना जोडलेले होते, म्हणून सारेच एका फटक्यात गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतील घाना देशामधला एक. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती, त्यामुळे तो बंद होता आणि जाळ्यापासून तुटला होता. दीडशे नकलांनी जे साधले नाही, ते एका वीजकपातीने साधले.

पुढचा भागही बोधप्रद आहे. घानाहून इंग्लंडला ती माहिती तारेने पाठवायची म्हटले तर तिथली तार इतकी अरुंद होती की कित्येक दिवस लागले असते. शेवटी घानाचा एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती इंग्लंडला घेऊन गेला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. सगळ्या नकला एकाच तारेत ओवू नयेत. आणि तार किती रुंद आहे हे संकट येण्याआधी मोजून ठेवावे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक कामाला एक संगणक असे. आता एकच दणकट सर्व्हर घेऊन त्याच्या पोटात तीन-चार आभासी संगणक चालवतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका मोठ्या गाळ्यात लाकडी पार्टिशन टाकून तीन भावांनी तीन दुकाने थाटावीत, छप्पर आणि वीज सामाईक असावी, तसे हे आहे. एका मशीनमध्ये टॅली, दुसऱ्यात बिलिंग, तिसऱ्यात हजेरी व पगार.

याचा फायदा असा की प्रत्येक आभासी संगणक म्हणजे शेवटी काही मोठ्या फाइली असतात. त्या फाइलींची नक्कल घेतली की हिशेबाबरोबर त्याचे सॉफ्टवेअर, सेटिंग आणि पासवर्डसुद्धा येतात. सर्व्हर जळाला तर दुसऱ्या सर्व्हरवर ती नक्कल जशीच्या तशी चालू करता येते.

तोटा हा की फाइली अवाढव्य असतात. टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर मावतो, पण अख्खे मशीन दोन-तीनशे जीबीचे असू शकते. म्हणून बॅकअप सॉफ्टवेअर पहिल्या रात्री पूर्ण नक्कल घेते आणि नंतर रोज फक्त बदललेला भाग उचलते.

येथे दोन गैरसमज दूर करावेत. सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, त्याला रेड म्हणतात. ती व्यवस्था एक डिस्क खराब झाल्यास उपयोगी पडते, पण चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडे पुसते. तसेच ‘स्नॅपशॉट’ हा त्याच डिस्कवरचा एक टप्पा असतो, डिस्क गेली की तोही गेला. या दोहोंना बॅकअप म्हणू नये.

तारेचे माप

तारेचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलीचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. येथे अनेकांची फसगत होते. १०० मेगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट जातात. १,००० मेगाबिटच्या, म्हणजे एक गिगाबिटच्या तारेतून सुमारे ११०.

समजा इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्यालगत एका बंधूचे कार्यालय आहे. त्यांचे दुकान भद्रकालीत आणि फर्निचरचा कारखाना अंबडला आहे. कार्यालयातील सर्व्हरवर तीन व्हर्च्युअल मशीन आहेत आणि तिन्ही मिळून ६०० जीबी होतात. रोज बदलणारा भाग १० जीबी धरू. रात्री दहाला दुकान वाढवल्यापासून फजरच्या सुमारापर्यंत सहा-सात तास मिळतात. एवढ्यात नक्कल पूर्ण झाली पाहिजे.

१०० मेगाबिटच्या तारेने पूर्ण नक्कल घ्यायला सुमारे १५ तास लागतील. म्हणजे सकाळी दुकान उघडेल, गिऱ्हाईक उभे राहील आणि बिलिंग रखडेल. गिगाबिटच्या तारेने तेच काम सुमारे दीड तासात होईल आणि रोजचा १० जीबीचा भाग दोन मिनिटांच्या आत जाईल.

मग १० गिगाबिटची तार घेतली तर ते दहा मिनिटांत होईल का? होणार नाही. नक्कल ज्या साध्या हार्ड डिस्कवर लिहिली जाते, ती सेकंदाला १५०-२०० मेगाबाइटच्या वर लिहीत नाही. तेव्हा वेळ तासाच्या आसपासच राहील. बोळ अरुंद असेल तर त्याच्या तोंडाशी चौपदरी रस्ता बांधून उपयोग नसतो. सर्वांत अरुंद जागा आधी शोधावी आणि पैसा तेथे घालावा.

आणि इंटरनेटने बाहेर पाठवायचे झाल्यास? वर पाठवण्याचा वेग २० मेगाबिट असेल तर ६०० जीबीला जवळजवळ तीन दिवस लागतील. रोजचे १० जीबी मात्र तासा-सव्वा तासात जातील. म्हणून पहिली पूर्ण नक्कल डिस्कवर घेऊन हाताने पोहोचवावी आणि पुढे रोजचा बदल तारेने पाठवावा.

कारागीर बंधूंना आवडेल अशी एक बाब येथेच सांगतो. १०० मेगाबिटला केबलमधील आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही लागतात. टोक नीट क्रिम्प झाले नसेल, एक तार सुटली असेल, किंवा वायरमनने एकाच केबलच्या चार-चार तारा वाटून दोन संगणक जोडले असतील, तर जोडणी मुकाट्याने १०० वर येते. संगणक चालू राहतो, कोणी तक्रार करत नाही, आणि रात्रीची नक्कल मात्र दसपट वेळ घेते. स्विचवरील दिव्याचा रंग किंवा संगणकाच्या सेटिंगमधील वेग पाहिला की हे कळते. केबल घेतानाही पाहावे. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात मिळते. तांब्या-पितळेच्या या शहराला शुद्ध तांबे ओळखायला शिकवावे लागू नये.

नक्कल नेण्याच्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे पुढचे दार. सर्व्हर आपल्या नेहमीच्या नेटवर्कच्या जोडणीतून नक्कल बाहेर देतो. ही सर्वांत सोपी आहे. पण बिलांची ये-जा जेथून होते तेथूनच हमाल पोती काढू लागले तर गर्दी होते. छोट्या धंद्याला, रात्रीच्या वेळी आणि वेगळ्या केबलने, ही वाट पुरते.

दुसरी वाट आतल्या मदतनिसाची. त्याच सर्व्हरवर एक छोटे व्हर्च्युअल मशीन ठेवतात. ते शेजारच्या मशीनची डिस्क स्वतःला जोडून घेते, वाचते आणि नक्कल बाहेर पाठवते. वेग बरा मिळतो. मात्र या मदतनिसाला सर्व्हरची शक्ती द्यावी लागते, आणि सर्व्हर आजारी पडला की तोही आजारी पडतो.

तिसरी वाट गोदामाच्या मागच्या दाराची. धंदा वाढला की दोन सर्व्हर घेतात आणि त्यांच्या डिस्क एका सामाईक पेटीत ठेवतात. तिला स्टोरेज म्हणतात. ही पेटी सर्व्हरांना जोडणारे जे खास जाळे, ते स्टोरेज नेटवर्क. साध्या नेटवर्क केबलवरून असे जाळे चालवण्याची आयस्कझी ही पद्धत २००४ साली प्रमाणित झाली, म्हणून ती लहान धंद्यांनाही परवडते. बॅकअपचा संगणक या जाळ्याला जोडला की तो सर्व्हरांना त्रास न देता थेट गोदामातून माल वाचतो. वेग सर्वांत चांगला, पण जोखीमही सर्वांत मोठी, कारण गोदामाची किल्ली आणखी एका हातात जाते.

गोदामाच्या जाळ्याचे नियम

ज्यांच्याकडे अशी सामाईक पेटी आहे किंवा येणार आहे, त्यांनी पुढील गोष्टी करारात लिहून घ्याव्यात.

स्टोरेजचे जाळे दुकानाच्या जाळ्यापासून वेगळे असावे. त्याला स्वतःचा स्विच असावा आणि तेथून इंटरनेटकडे, वायफायकडे किंवा काउंटरवरील संगणकाकडे वाटच नसावी. एकाच स्विचचे आभासी भाग पाडून हे करता येते, पण परवडत असेल तर वेगळा स्विच उत्तम.

सर्व्हरपासून पेटीपर्यंत दोन वाटा असाव्यात. दोन नेटवर्क कार्डे, दोन स्विच आणि दोन वेगळे पत्तेक्रम. एक स्विच जळाला तरी काम थांबत नाही. काही जण दोन केबल एकत्र बांधून ‘वेग दुप्पट केला’ असे सांगतात. बांधलेल्या जोडीत एक प्रवाह सहसा एकाच तारेने जातो. आयस्कझीसाठी मल्टिपाथ ही व्यवस्था आहे, तीच मागावी. काम झाल्यावर एक केबल आपल्यासमोर उपटायला लावावी. मशीन चालू राहिले तरच पैसे द्यावेत.

‘जंबो फ्रेम’ म्हणजे मोठी पाकिटे लावून वेग वाढवतो, असे कोणी सांगेल. त्यासाठी सर्व्हर, स्विच आणि पेटी या तिन्ही ठिकाणी मोठे माप मंजूर असावे लागते. एक जागा चुकली की काम अडखळते आणि कारण सापडता सापडत नाही. लहान जागी याची गरज नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. विंडोज असलेला बॅकअपचा संगणक स्टोरेजच्या जाळ्याला जोडला की त्याला पेटीतील डिस्क दिसू लागतात, पण त्यांच्यावरची व्हर्च्युअल मशीनची मांडणी त्याला वाचता येत नाही. तो विचारतो, ‘ही डिस्क नवी दिसते, इनिशियलाइझ करू का?’ नवख्या माणसाने ‘हो’ म्हटले की त्या डिस्कवरची विभागणीची नोंदच बदलली जाते आणि चालू असलेली सारी मशीन एका क्षणात संकटात येतात. रखवालदारानेच गोदाम पेटवावे तसे होते. म्हणून या संगणकाला पेटीतून फक्त वाचण्याची परवानगी द्यावी आणि डिस्क आपोआप जोडून घेण्याची विंडोजची सवय आधीच बंद करावी. पुढे माल परत भरायची वेळ आली तर तो सर्व्हरच्या वाटेने भरता येतो, त्यासाठी लिहिण्याचा हक्क कायम देऊन ठेवण्याची गरज नाही.

आणि नक्कल त्याच सामाईक पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवू नये. पेटी गेली तर मालही गेला आणि नक्कलही.

इंदिरानगरच्या कार्यालयाची मांडणी

आपल्यापैकी बहुतेकांना एवढा पसारा लागत नाही. वर घेतलेल्या उदाहरणातील बंधूंकडे एकच सर्व्हर आहे. त्यांच्यासाठी साधी मांडणी पुरे.

सर्व्हरला दोन वेगळी नेटवर्क दारे ठेवावीत. पहिल्या दाराची केबल दुकानाच्या नेहमीच्या स्विचला जाईल. दुसऱ्या दारातून एक केबल थेट बॅकअपच्या संगणकाला जाईल, मध्ये स्विच लागणारच नाही. व्हर्च्युअल मशीनांचा कारभार पाहण्याची सोयही या दुसऱ्या दारावरच ठेवावी, म्हणजे काउंटरवरचा संगणक किंवा पाहुण्याचा मोबाइल तेथवर पोहोचणार नाही. बॅकअपचा संगणक दुसऱ्या खोलीत, निराळ्या यूपीएसवर असावा. तळघरात काहीही ठेवू नये.

आता मुख्य नियम. नक्कल ओढून घ्यावी, ढकलू नये. अनेक ठिकाणी बॅकअपची पेटी काउंटरच्या संगणकावर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसत असते आणि दुकानाचा संगणक तिच्यात नक्कल ढकलतो. हे सोयीचे वाटते. पण खंडणीखोर प्रोग्रॅम त्या संगणकात शिरला की त्यालाही तो झेड ड्राइव्ह दिसतो आणि तो मालाबरोबर नक्कलही कुलूपबंद करतो. उलट बॅकअपचा संगणक स्वतः सर्व्हरकडे जाऊन माल उचलत असेल, आणि सर्व्हरला त्याचा पासवर्डच ठाऊक नसेल, तर चोराला पुढची वाट सापडत नाही. त्यासाठी बॅकअपच्या संगणकाचे वापरनाव आणि पासवर्ड इतर सर्वांपेक्षा वेगळे हवेत. आजच्या अनेक बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता येणार नाही अशी नक्कल ठेवण्याची सोय असते. ती मागून घ्यावी.

ही भीती पोकळ नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि पुढे संसदेत सरकारने उत्तर दिले की, नेटवर्कचे भाग योग्य रीतीने वेगळे केलेले नसल्यामुळे हे घडले. त्याच रुग्णालयाची माहिती पुढे परत मिळाली, ती हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. नुकसान कशामुळे झाले आणि बचाव कशामुळे झाला, या दोन्हींचे उत्तर वाटा कशा आखल्या होत्या यातच सापडते.

बाहेरची नक्कल आणि बिनतारी नक्कल

जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या जागी. दोन साक्षीदारांची सवय असलेल्या आपल्या समाजाला हे समजणे अवघड नाही. दोघे साक्षीदार एकाच घरात राहत असतील आणि त्या घरावर संकट आले, तर साक्ष कोण देणार?

दुसरी जागा कोणती, याचा नाशिकमध्ये नीट विचार हवा. गोदावरीच्या २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार अशा नदीकाठच्या बाजारांत पाणी शिरले होते. जुन्या नाशकात नदीजवळ तळमजल्यावर दुकान असेल तर बाहेरची नक्कल तेथे ठेवू नये. आपल्या उदाहरणातील बंधूंनी भद्रकालीतल्या दुकानापेक्षा अंबडचा कारखाना निवडावा. तेथेही भुसा आणि पॉलिशच्या खोलीपासून दूर, वरच्या मजल्यावर.

क्लाउडवर ठेवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. क्लाउड म्हणजे कोणाची तरी इमारतच असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांच्या नकलाही त्याच आवारात होत्या. ते मूळही गमावून बसले आणि नक्कलही. आपली नक्कल मूळ माहितीपासून वेगळ्या ठिकाणी आहे ना, हे लेखी विचारावे.

तिसरी प्रत मात्र बिनतारी ठेवावी. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. जुम्याच्या दिवशी दुकान दुपारी थोडा वेळ बंद असतेच. एका जुम्याला पहिली डिस्क जोडून नक्कल घ्यावी, काढून घरच्या कपाटात ठेवावी. पुढच्या जुम्याला दुसरी. डिस्कला कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, असावे आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरातील विश्वासू व्यक्तीजवळ द्यावा. घानाच्या त्या सर्व्हरला वीजकपातीने जे दिले, ते आपण दर आठवड्याला स्वतःच्या हाताने करू शकतो.

कायदा काय सांगतो?

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. प्रकरण अपिलात असेल तर त्याहून जास्त. ‘संगणक बिघडला’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही. ज्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आहे, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर नियम आणखी स्पष्ट झाला. संगणकावरील हिशेबाची नक्कल भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेतली गेली पाहिजे. बाहेरच्या देशातील क्लाउड वापरणाऱ्यांनी हे आपल्या सीएला विचारून घ्यावे.

परत उघडून पाहा

न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली रोकड. महिन्यातून एकदा नक्कल प्रत्यक्ष चालू करून पाहावी. ती चालू करताना तिची नेटवर्कची तार तोडलेली असावी, नाहीतर एकाच नावाची दोन मशीन बिले फाडू लागतील. टॅली उघडावी, शेवटच्या बिलाचा क्रमांक पाहावा आणि तो त्या दिवशीच्या रोजमेळाशी ताडून पाहावा. नक्कल घेताना बिलिंगचा डेटाबेस अर्धवट लिहिला जात असेल तर येथेच कळते. त्यावर उपाय म्हणून क्षणभर लिखाण थोपवून नक्कल घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करायला सांगावी. पूर्ण मशीन परत उभे राहायला किती तास लागले, तेही लिहून ठेवावे. संकटाच्या दिवशी हाच आकडा कामी येतो.

संगणकवाल्याला विचारायचे सहा प्रश्न

१. माझी नक्कल कोणत्या तारेने जाते? ती तार गिगाबिटवर चालते का, मला दाखवा.
२. पूर्ण नक्कल किती वेळात होते आणि रोजची किती वेळात?
३. काउंटरच्या संगणकावरून बॅकअपची पेटी दिसते का? दिसत असेल तर का?
४. बॅकअपच्या संगणकाला स्टोरेजवर फक्त वाचण्याची परवानगी आहे का?
५. बाहेरची नक्कल कोठे आहे आणि कोणती नक्कल कोणत्याही तारेला जोडलेली नाही?
६. नक्कल शेवटची कधी उघडून पाहिली?

सहाही उत्तरे तारखेसह वहीत लिहून घ्यावीत. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर रागावू नये, दुरुस्तीसाठी मुदत द्यावी आणि त्या दिवशी परत विचारावे.

हिजरतच्या रात्री प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्का सोडली, तेव्हा लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते. जिवावर बेतले असतानाही अमानतीची व्यवस्था आधी झाली. आपल्या संगणकात आज शेकडो लोकांच्या अमानती नोंदलेल्या आहेत. त्यांच्यासाठी एक वेगळी केबल, एक वेगळा पासवर्ड आणि जुम्याच्या दिवशीची दहा मिनिटे, एवढी व्यवस्था प्रत्येकाला जमेल. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.